टीबी : शरीराचा घेरा आणि आपली जबाबदारी

घरात कुणाला टीबी झाला की त्याचे ताट-वाटी वेगळे होते. सून असेल तर तिला माहेरी धाडले जाते. पण टीबी भांड्यांतून किंवा कपड्यांतून पसरत नाही. फुफ्फुसाचा टीबी असलेला रुग्ण खोकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत शिरतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू शोधून काढला.

जंतू शिरला म्हणजे आजार झालाच असे नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांना त्यांचे शरीरच वाचवते.

ते कसे? फुफ्फुसात भक्षक पेशी पहारा देतात. त्या जंतूंना गिळतात. पण टीबीच्या जंतूवर मेणासारखे आवरण असते. त्यामुळे तो गिळला गेला तरी पेशीच्या आत जिवंत राहू शकतो. मग काही आठवड्यांत ‘टी’ पेशी मदतीला येतात आणि भक्षक पेशींचे बळ वाढवतात. सगळ्या मिळून जंतूंभोवती घेरा घालतात. आत जंतू वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. अशा माणसाला त्रास होत नाही आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही.

हा घेरा अपुऱ्या आहाराने, मधुमेहाने, एचआयव्हीने, विडी-सिगारेटने आणि दारूने कमकुवत होतो. मग जंतू पुन्हा डोके वर काढतात. जन्मतः दिलेली बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठेपणी तिचा फारसा भरवसा धरता येत नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा :

• दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त दिसले, तर लगेच तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत.

• उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. उरलेले जंतू मग औषधाला दाद देत नाहीत.

• घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करा. गरजेप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

• निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. ते डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांवरच खर्च करा.

• रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा. घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

ताट वेगळे करून टीबी थांबत नाही. उलट बहिष्काराच्या भीतीने माणूस आजार लपवतो आणि जंतू घरभर पसरतात. रुग्णाला जवळ करा, त्याच्या गोळ्यांची आठवण ठेवा.