कृतज्ञता जड का जाते?

बोईसरहून पूर्वेला चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव लागते. एके काळी भातशेतीचे आणि पाड्यांचे हे गाव आता कारखान्यांतील कामगारांच्या चाळींनी आणि नव्या इमारतींनी वेढले गेले आहे. अशा गावात मे महिन्याच्या रात्री वीज गेली की काय होते, ते पाहण्यासारखे असते. दोन मिनिटांत माणसे दारात येतात. वायरमनपासून मंत्र्यापर्यंत सर्वांचा यथास्थित उद्धार होतो. तासाभराने दिवे लागतात, पोरे ‘आली, आली’ म्हणून एकच गिल्ला करतात आणि अर्ध्या मिनिटात सारे पूर्ववत होते. अपरात्री खांबावर चढून ज्याने ती तार जोडली, तो कोण होता, हे कोणी विचारीत नाही. तक्रारीला तासभर मिळाला. आनंदाच्या वाट्याला अर्धे मिनिट आले.

यावरून माणूस कृतघ्न झाला आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. वडीलधाऱ्या पिढीचा तो आवडता निष्कर्षही आहे. मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीविषयी तो काढलेला असल्यामुळे त्याचे वजन फारसे धरता येत नाही. वस्तुतः प्रश्न निराळाच आहे. शेजारणीने अडचणीच्या दिवशी दिलेली वाटीभर साखर ज्याला वर्षभर आठवते, त्याच माणसाला आयुष्यभर मिळत आलेले पाणी आणि प्रकाश का आठवू नयेत?

याचे उत्तर भाषेनेच देऊन ठेवले आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा आणि ‘कृतघ्न’ म्हणजे केलेले मारून टाकणारा. हा शब्द ज्यांनी घडविला, त्यांनी त्यात भावनेचा उल्लेखच केला नाही. जाणण्यावर बोट ठेवले. मन भरून येणे, कंठ दाटणे हे सगळे नंतरचे. कोणी, काय आणि काय सोसून केले, हे आधी ठाऊक असावे लागते. साखर देणारी शेजारीण समोर उभी असते. तिच्याही डब्यात साखर बेताचीच आहे, हे माहीत असते. नळाला आणि विजेच्या बटणाला चेहरा नसतो.

चेहरा नसतो म्हणजे माणूस नसतो असे मात्र नाही. बेटेगावच्या पश्चिमेला, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. देशातले हे पहिले अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत गेली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच २००५ व २००६ साली चालू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. तेथल्या लोकांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच जिल्ह्यात सूर्या नदीवर धामणीचे धरण आहे. त्यासाठी आदिवासी कुटुंबे उठली. मूळची योजना शेतीच्या पाण्याची. पण आज त्यातून वसई-विरारसाठी १८५ आणि मीरा-भाईंदरसाठी २१८, असे दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्याची योजना आखलेली आहे. आपले पाणी शहरांकडे वळते म्हणून शेतकरी आणि आदिवासी यांनी अनेकदा मोर्चे काढले. मीरा रोडच्या आठव्या मजल्यावर दात घासणाऱ्या गृहस्थाला यांतले काही ठाऊक नसेल, तर तो दुष्ट आहे असे कोण म्हणेल? त्याच्यापर्यंत पाणी पोहोचते, पाण्याची हकीकत पोहोचत नाही.

‘पण आम्ही बिल भरतो,’ असे यावर कोणी म्हणेल. हे म्हणणे खोटे नाही. पैसे मोजले की व्यवहार पुरा होतो, हीच पैशाची सोय आहे. किराणा दुकानात प्रत्येक पुडीबरोबर कोणी गहिवरू लागले तर दुकान चालायचे नाही. मात्र बिलात जेवढे लिहिलेले असते, तेवढ्याचेच बिल भरले जाते. पोफरणच्या एखाद्या म्हातारीला आपले अंगण सोडताना काय वाटले असेल, याचा आकडा विजेच्या युनिटमध्ये धरलेला नसतो. शिक्षकाचे वेतन सरकार देते. पण गणित न येणाऱ्या मुलासाठी शाळा सुटल्यावर जो अर्धा तास थांबतो, त्या अर्ध्या तासाचे वेतन कोणत्याही आयोगाने ठरविलेले नाही. व्यवहाराबाहेर उरणारा हा जो भाग, तोच कृतज्ञतेचा प्रांत होय.

सवय हे दुसरे कारण. त्यावर पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात उरकणे बरे. अमेरिकेत १९७८ साली लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी झाली, तेव्हा इतरांच्या मानाने त्यांना रोजच्या लहानसहान गोष्टींतला आनंद कमीच वाटत असल्याचे आढळले. आपल्याकडे ही गोष्ट सुग्रीवाच्या कथेत अधिक नेमकी आली आहे. रामामुळे राज्य मिळाले, पावसाळ्याचे चार महिने सुखात गेले आणि सीतेच्या शोधाचे दिलेले वचन हळूहळू मागे पडले. सुग्रीव मुळात वाईट नव्हता, सुखावला होता. त्याला हनुमंताने समजावून सांगावे लागले, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून क्रुद्ध लक्ष्मणाला किष्किंधेच्या दारात यावे लागले. आठवण करून देणारा नसता, तर रामायण तेथेच अडले असते.

तथापि या दोन्हींपेक्षा खोल असलेले कारण वेगळे आहे आणि त्याची चर्चा कमी होते. माणसाला उपकाराची भीती वाटते. ‘मिंधा’, ‘ओशाळा’, ‘उपकाराखाली दबलेला’ हे शब्दप्रयोग पाहावेत. मराठीत उपकार हे ओझ्यासारखे येतात आणि माणूस ते ‘फेडतो’. लग्नातल्या आहेराची वही घरोघर जपून ठेवलेली असते, ती प्रेमाने उजळणी करण्यासाठी नव्हे. त्या घरच्या कार्याला परत किती द्यायचे, याचा हिशेब चुकू नये म्हणून. उपकार लवकर फेडून मोकळे होण्याची ही घाई कोठून आली असावी?

पालघर, डहाणू, तलासरी या भागाला त्याचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. येथे एके काळी ‘लग्नगडी’ नावाची रीत होती. लग्नासाठी जमीनदाराने काही रुपये द्यायचे आणि त्यापायी त्या वारली जोडप्याने जन्मभर त्याच्या घरी व शेतावर राबायचे. मुद्दल कधी फिटत नसे. कागदावर ते कर्ज होते. पण ‘आम्ही तुझे लग्न लावून दिले’ हा भाव त्याच्या पाठीशी असे. गुलामीवर उपकाराचे पांघरूण घातले की ती अधिक टिकते. १९४५ साली वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्याबरोबर ही वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारून दिली. त्या लढ्यात तलवाडा येथे गोळ्या झेलल्या. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याचे. जमीनदाराने दिलेल्या रुपयांबद्दल त्या वारल्यांनी कृतज्ञ राहायला हवे होते, असे आज कोणी म्हणणार नाही.

पण त्याच जातीची अपेक्षा थोड्या सौम्य रूपात आजही केली जाते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून देणगीदाराच्या पाया पडायला लावतात. ज्याच्या हक्काचे काम तीन महिने अडवून चौथ्या महिन्यात केले, त्या माणसाने हात जोडावेत, अशी कचेरीतल्या टेबलामागून अपेक्षा असते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने हजारोंना रोजगार दिला, हे खरे. म्हणून खाडीच्या दूषित पाण्याबद्दल मच्छीमारांनी बोलूच नये काय? ते बोलले, आणि राष्ट्रीय हरित लवादाला दखल घ्यावी लागली. कृतज्ञता मागून घेता येत नाही, आणि बलवंताने दुबळ्याकडून तर ती मागूच नये. ज्याला आयुष्यभर अशी सक्तीची कृतज्ञता दाखवावी लागली, त्याच्या तोंडी खऱ्या आभाराचा शब्द सहजी येत नाही, यात नवल ते काय?

उरलेली जागा उपचाराने व्यापली आहे. कोणत्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन शेवटी असते. त्या वेळी निम्मे श्रोते चपला शोधत असतात. वक्ता ध्वनिक्षेपकवाल्यापासून ‘ज्ञात-अज्ञात’ सर्वांचे आभार मानतो आणि त्या अज्ञातांतच सकाळपासून सतरंज्या अंथरणारा शिपाई असतो. त्याचे नाव घ्यायला किती क्षण लागले असते?

मग कृतज्ञता मनात रुजवायची कशी? मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत यावर प्रयोग केले आहेत. एमन्स आणि मॅकलो या दोघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टी लिहावयास सांगितले. दुसऱ्या गटाला त्रासाच्या गोष्टी. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. परंतु आठवड्यातून तीनदा अशी यादी करणाऱ्यांना लाभ झाला नाही, असेही पुढे एका पाहणीत आढळले. शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना याचे आश्चर्य वाटणार नाही. ‘आई, वडील, देव, आरोग्य, मित्र’ अशी तीच यादी रोज उतरवली, की हात चालतो आणि मन थांबते. यादीपेक्षा तपशील मोलाचा. ‘आईचे उपकार’ या विषयावर चार पाने लिहिण्यापेक्षा, पहाटेच्या गाडीसाठी ती चार वाजता उठली होती, एवढे एक वाक्य कामाचे आहे.

आणि ते तिला सांगायला हवे. येथे मराठी माणूस अडखळतो. घरात ‘धन्यवाद’ म्हटले तर आई चकित होईल. कदाचित तब्येत बरी आहे ना, असेही विचारील. आपल्या घरांतून आभार शब्दांनी मानण्याची रीत नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘आज आमटी झकास झाली होती’ हेही आभारच असतात. परगावी निघताना वाकून केलेला नमस्कारही तेच सांगतो. मात्र संकोच पुष्कळदा अनाठायी असतो. अमेरिकेतल्याच २०१८ सालच्या एका संशोधनात लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली. पत्र मिळणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल, असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ती माणसे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आनंदली आणि अवघडली कमी. निवृत्त झालेल्या शिक्षकाला जुन्या विद्यार्थ्याचे पंधरा पैशांचे कार्ड आले की ते किती वर्षे ट्रंकेत जपले जात असे, हे शिक्षकांच्या घरांतून विचारावे.

जाणण्याची सवय लागावी म्हणून जुन्या समाजांनी युक्त्या योजलेल्या होत्या. वारल्यांच्या घरी नवे भात आले की ते आधी देवांना दाखवतात. धान्य ही त्यांच्या लेखी कणसरी देवी आहे, पोत्यात भरलेला माल नव्हे. वाघबारशीला ते वाघोबाला पूजतात, जो त्यांच्या गुराढोरांना आणि प्रसंगी माणसालाही खाऊ शकतो. सातपाटीचे कोळी नारळी पौर्णिमेला ज्या समुद्राला नारळ वाहतात, त्याने गावातली किती घरे पोरकी केली असतील! ही कृतज्ञता मिंधी नाही आणि भाबडीही नाही. ज्याच्यावाचून चालत नाही, त्याची वर्षातून एकदा नाव घेऊन दखल घ्यायची, एवढाच तिचा नेम.

पालघरनेही असा एक दिवस राखला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी व सुकूर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला गाव त्यांना अभिवादन करते. उरलेले दिवस हुतात्मा चौक हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता असतो, आणि त्यात गैर काही नाही. माणसे रोज शोक करू शकत नाहीत. मात्र तो एक दिवस आणि ती पाच नावे नसती, तर चौक केवळ पत्ताच उरला असता.

अक्करपट्टी आणि पोफरणसाठी, किंवा धामणीच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी असा दिवस कोणी ठरविलेला नाही. तो सरकारने ठरवावा, अशी वाट पाहण्याचीही गरज नाही. बेटेगावसारख्या ठिकाणच्या शाळेत आज वारली पाड्यांवरची मुले आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची मुले शेजारी बसतात. त्यांना परिसर अभ्यासाच्या तासाला एकच काम देता येईल: शाळेच्या नळापासून सुरुवात करून पाण्याचा माग काढीत मागे जायचे. टाकी कोणी बांधली, झडप कोण फिरवतो, जलवाहिनी कोणत्या शेतातून आली, धरण कोठे आहे, ते व्हायच्या आधी तेथे कोण राहत होते. पहिल्या प्रश्नांची उत्तरे गावातच मिळतील. शेवटच्या प्रश्नासाठी मात्र धामणीच्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शोधावे लागेल, आणि त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत.