भांडवल नसल्याची किंमत

एखाद्याचा धंदा बुडाला की आपण दोष बुडणाऱ्यातच शोधतो. त्याला हिशेब जमला नाही, तो आळशी होता, व्यसनी होता. आणि शेवटी, 'धंदा आपल्या लोकांच्या रक्तातच नाही.' हे शेवटचे वाक्य सवर्णांच्या तोंडून ऐकायची सवय आपल्याला आहे. पण अलीकडे ते आपल्यातल्याच शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकू येते, तेव्हा त्याचा विचार करणे भाग पडते. मी स्वतः विद्यार्थिदशेत माझ्या वडिलांविषयी हेच मानत होतो. आज मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवतो. पाठ्यपुस्तकातले 'खेळते भांडवल' हे प्रकरण मुलांना समजावून सांगताना माझ्या लक्षात आले, की हे प्रकरण मी लहानपणी आमच्या ओट्यावर बसून पाहिले आहे. फक्त त्याचे नाव मला ठाऊक नव्हते.

आमचे घर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चर्मकारांचे. आबा पायताणे करायचे. तळ कापणे, टाच बसवणे, शिवण घालणे ही कामे त्यांची. वेणी आणि पट्ट्यांचे बारीक काम आईचे. आईच्या कामाची मजुरी कुठल्याच हिशेबात नव्हती. आबांचा हात चांगला होता. त्यांनी केलेला जोड दोन पावसाळे काढी, असे गावातले शेतकरी सांगत. मालाला गिऱ्हाईक होते, हातात कसब होते, घरात कष्ट होते. तरीही दर दिवाळीनंतर आमच्या घरी कर्जच उरे. असे का होई?

त्याचे उत्तर समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. आकडे मी मांडणीच्या सोयीसाठी घेतले आहेत. चाल मात्र खरी आहे. समजा, एका जोडाचे कातडे, दोरा, खिळे वगैरे रोखीने घेतले तर ३०० रुपयांना पडतात आणि जोड ५०० रुपयांना विकला जातो. कारागिराला २०० रुपये सुटतात. महिन्याला ५० जोड झाले तर १० हजार रुपये. पण माल तयार होऊन, विकून, पैसे हातात यायला दोन महिने लागतात. तेवढ्या काळातल्या कच्च्या मालाला ३० हजार आणि घर चालवायला २० हजार, असे ५० हजार रुपये त्याच्याजवळ आधी असले पाहिजेत. याचेच नाव खेळते भांडवल.

आता हे ५० हजार त्याच्याजवळ नाहीत. मग तो व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी उधारीवर कातडे देतो, पण ३०० चा माल ३४० ला लावतो. घरखर्चाला उचल देतो, पण तयार जोड मलाच घातला पाहिजे, अशी अट घालतो आणि ५०० चा जोड ४४० ला उचलतो. कारागिराच्या हाती आता २०० ऐवजी १०० रुपये राहतात. महिन्याला १० हजारांच्या जागी ५ हजार. म्हणजे वर्षाला ६० हजार रुपये त्याच्या हातून निघून जातात, आणि ते कशासाठी? तर ५० हजार रुपये जवळ नाहीत म्हणून! जी रक्कम त्याच्याजवळ नाही, तिच्याहून मोठी रक्कम तो दरवर्षी दंड म्हणून भरतो. हा दंड कुठल्याही वहीत व्याज म्हणून लिहिलेला नसतो. तो भावात मुरलेला असतो, म्हणून दिसत नाही.

मी कॉलेजात असताना एकदा आबांना रागाने म्हणालो, "तुम्ही त्या शेठकडूनच कातडं का घेता? बाजारात स्वस्त मिळतंय की."

आबा हातातली रापी खाली न ठेवता म्हणाले, "आरं पोरा, रोख पैसं असतं तर मी त्येच्या दारात कशाला गेलो असतो?"

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळे प्रकरण सांगितले होते. ते समजायला मला एम.कॉम. व्हावे लागले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या बारावीनंतर आबांनी एक वर्ष कातडे रोखीने घ्यायला सुरुवात केली होती. काही पैसे साठले होते. पुढच्या जूनमध्ये माझी फी, वसतिगृह आणि पुस्तके आली. त्यानंतर आबा पुन्हा उधारीवर गेले ते कायमचे. म्हणजे माझी पदवी त्यांच्या खेळत्या भांडवलातून आली. ज्यांच्याजवळ जमीन असते, त्यांच्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी धंदा मोडावा लागत नाही. आपल्याकडे आजारपण, लग्न, शिक्षण यांपैकी काहीही आले तरी ते धंद्याच्याच पेटीतून जाते, कारण घरात दुसरी पेटीच नसते.

मग आपल्याच माणसाजवळ भांडवल का नाही? ते नशिबाने नाही असे नव्हे. भांडवल पिढ्यांनी साठते. ज्यांना संपत्ती साठवण्याचा अधिकारच नाकारला, त्यांच्याकडे वारसा कुठून येणार? बँक तारण मागते. गावकुसाबाहेरच्या घराचा धड कागद नसतो, शहरातली झोपडी तारणात धरत नाहीत. जामीन राहील असा नातेवाईकही आपल्याच स्थितीतला. शिवाय व्यापारात विश्वासावर मिळणारी उधारी जातीच्या नात्यांतून फिरते आणि त्या नात्यांत आपल्याला जागा नाही. खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याहून परतल्यावर शेअर व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय मुंबईत सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके थांबली. तिथे ज्ञानाची उणीव तर निश्चितच नव्हती.

त्याच सुमारास, १९१८ साली, बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. तिच्यावर वापरायला भांडवल आणि अवजारे किती आहेत, त्यावरून ठरते. भांडवल अपुरे असेल तर लहान तुकडासुद्धा पेलवत नाही. हाच नियम ओट्यावरच्या धंद्याला लावून पाहा. आबांचा धंदा लहान होता म्हणून बुडाला नाही. लहान असूनही तो त्यांच्या भांडवलाच्या मानाने मोठा होता, म्हणून बुडाला.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात चर्मोद्योग विकास महामंडळ आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. २०१५ साली मुद्रा योजना आली, २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. पण मुद्रेचा पहिला टप्पा ५० हजारांपर्यंतचा होता, तर स्टँड-अप इंडियाचे कर्ज १० लाखांपासून सुरू होत होते आणि तेही नव्या उद्योगालाच. चालू असलेला, पण पैसा फिरता ठेवण्यासाठी धडपडणारा जुना धंदा मध्येच लोंबकळतो. शिवाय यंत्रासाठी कर्ज मागणे सोपे असते, कारण यंत्र दाखवता येते. दोन महिने थांबण्याची ताकद कोटेशनमध्ये कशी दाखवणार? म्हणून आपल्या वस्त्यांत कर्जाची यंत्रे धूळ खात पडलेली दिसतात. यंत्र आहे, कच्चा माल घ्यायला पैसा नाही.

थकलेल्या बिलांचेही तसेच. २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा चांगला आहे. पण त्यासाठी नोंदणी हवी, बिल हवे, आणि मुख्य म्हणजे पुढची ऑर्डर गमावण्याची तयारी हवी. ज्याच्या घरात आठ दिवसांचे धान्य आहे, तो ही तयारी कशी दाखवणार?

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या आणि देशभर वाद झाला. आपल्या कलेचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु कीर्तीने कातडे रोखीत मिळत नाही.

आपल्या चळवळीने जमिनीचा प्रश्न लढवला, आरक्षणाचा लढवला. भांडवलाचा प्रश्न मात्र आपण भांडवलदारांचा समजून सोडून दिला. दोन-चार दलित उद्योगपती निर्माण झाले म्हणजे समाज मुक्त होईल, असे मीही मानत नाही. पण शेती आणि उद्योग यांना लागणारे भांडवल पुरवण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाका, असे बाबासाहेबांनी १९४७ सालच्या आपल्या निवेदनात संविधानासाठी मांडले होते. ती मागणी आपण किती वेळा केली?

माझी सूचना साधी आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतल्या एकेका कारागिराजवळ बसून तीन आकडे लिहून काढावेत: माल रोखीने कितीला आणि उधारीने कितीला, जोड रोखीने कितीला आणि उचलीवर कितीला, पैसे किती दिवसांनी आले. घरातल्या बाईच्या कामाचे तासही त्यात मांडावेत. असे शंभर हिशेब जमले तर खेळत्या भांडवलाची मागणी पुराव्यानिशी करता येईल, आणि सामुदायिक खरेदीची संस्था काढायची तर किती रकमेची, हेही कळेल.

पहिला हिशेब मी आबांचा लिहिला. त्यांनी आता काम सोडले आहे. कागद वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझं चुकलं न्हवतं तर."