गाडीची कुरकुर आणि एरंडेल

उन्हाळ्याची सुटी लागली की उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील अनेक खानदेशी कुटुंबे गावाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर मागे टाकीत, कोंडाईबारीचा घाट चढून ती साक्री-धुळ्याच्या वाटेला लागतात. अशा वेळी गतिरोधकावरून जाताना गाडीच्या पोटातून कुईकुई असा आवाज येऊ लागला, की घरातील कोणीतरी तत्परतेने तेलाची बाटली शोधू लागते. ही तत्परताच पुष्कळदा गाडीला बाधते.

हा आवाज बहुधा सस्पेंशनमधील रबरी बुशांचा असतो. लोखंडी आर्म आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसविलेली ही रबराची जाड नळी खड्ड्याचा धक्का सोसते. बहुतेक बुशांत रबर हे आतल्या व बाहेरच्या धातूच्या नळीला घट्ट चिकटविलेले असते. ते घसरत नाही, स्वतःच पिळले जाते व पुन्हा सरळ होते. म्हणजे धडधाकट बुशाला वंगणाची गरजच नसते. तो कुरकुरू लागला, तर रबर सुटले आहे, चिरले आहे किंवा वाळून कडक झाले आहे, अशी शंका घ्यावी.

आता तेलाविषयी. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल ही दोन्ही हायड्रोकार्बनेच. सजातीय असल्यामुळे तेल रबरात शिरते, रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे त्याचा भुगा होतो. इंजिन ऑईल, डिझेल, साधे ग्रीस, पेट्रोलियम जेली, गंजलेले नट सोडविण्याचा फवारा, सारी याच कुळातील. दोन दिवस आवाज बंद होतो आणि माणूस खूश होतो, पण तेवढ्यात आत नासधूस सुरू झालेली असते. गाडी धुतल्यावर तिच्या तळाला डिझेल किंवा जुने ऑईल फवारण्याची चाल आपल्याकडे आहे. पत्र्याला गंजापासून आसरा मिळतही असेल, रबराला मात्र तो विषप्रयोगच होय.

एरंडेलाची गोष्ट निराळी. गुजराती ज्याला दिवेल म्हणतात आणि वर्षाचे गहू-तूरडाळ साठविताना ज्याचा हात देतात, तेच हे तेल. त्याच्या रेणूंत हायड्रॉक्सिल गट असल्याने नैसर्गिक रबरात ते फारसे शिरत नाही. म्हणूनच पूर्वीच्या ब्रेक ऑईलमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे, आणि आजही लाल रबर ग्रीस एरंडेलावर आधारलेले मिळते. घरातले दुसरे कोणतेही तेल त्याच्या जागी चालेल असे मात्र समजू नये. नुसते एरंडेलही काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरते. तेव्हा सिलिकॉन ग्रीस किंवा रबर ग्रीस आणणे हेच शहाणपणाचे. तेही अँटी-रोल बारवरील, म्हणजे जिथे दांडा रबरातून खरोखर फिरतो अशा बुशांनाच लावावे. सिलिकॉनचा फवारा ब्रेकच्या डिस्कवर वा पॅडवर उडू देऊ नये. ब्रेक लागणार नाही.

दोषी बुश ओळखण्यास साबणाचे पाणी पुरते. गाडी सपाट जागी उभी करून एकाने बॉनेटची बाजू दाबून सोडावी, दुसऱ्याने बाजूने हात पोहोचेल तेथील एकेका बुशावर पाणी शिंपावे. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबतो, तो सापडला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. लोअर आर्मचा बुश फाटला असेल, तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. घाटात हे परवडणारे नाही. असा बुश बदलावाच लागतो.

बदलताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगावी. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळला तर चाके जमिनीला टेकताच नवा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. बोल्ट नुसता बसवून घ्यावा आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्का आवळावा.