बॅटरींतील खनिजें

आमच्या आष्टींत रात्रीं पिकाला पाणी द्यावयास निघालेला शेतकरी हातांत विजेरी घेतो. तिलाच आम्ही ‘बॅटरी’ म्हणतों. संपलेले सेल मुलें दगडानें फोडीत व आंतील काळ्या कांडीनें शाळेच्या भिंती रंगवीत. रागें भरण्याऐवजीं मीं त्या सेलचाच धडा केला. बाहेरचें भांडें जस्ताचें, मधली कांडी कर्बाची, आणि भोंवतालच्या काळ्या भुकटींत मुख्य पदार्थ मँगनीज डायॉक्साइड.

ही भुकटी येते कोठून? आष्टीचा काळा खडक थिजलेल्या लाव्ह्याचा; तेथें मँगनीजची खाण नाहीं. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत, भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथें ती आहे, आणि तेथील खनिज विजेरीचे सेल करणाऱ्या कारखान्यांस जातें.

मोबाइलच्या अथवा विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या बॅटरीची गोष्ट निराळी. तिला लिथियम लागतें. तें ऑस्ट्रेलियांत खडक फोडून काढतात, चिलींत वाळवंटाखालचें खारें पाणी उन्हांत आटवून मिळवितात. कित्येक बॅटऱ्यांस कोबाल्ट व निकेलही लागतें. जगांतील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या कांगोंतून निघतें, निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियांतून. ग्रॅफाइट बव्हंशीं चीनचें.

मग हीं खनिजें संपत आलीं आहेत काय? तसें नाहीं. पण असणें वेगळें आणि हातीं येणें वेगळें. विहिरीला पाणी आहे एवढ्यानें घागर भरत नाहीं. पोहरा हवा, दोर हवा, ओढणारा हात हवा. 2023 सालीं जम्मूकडील रियासी जिल्ह्यांत 59 लाख टन लिथियम-साठ्याचें अनुमान जाहीर झालें, तेव्हां आपण हर्षभरित झालों. पुढें त्या क्षेत्राचा लिलाव पुकारला. पुरेसे बोलीदार आले नाहींत, आणि 2024 सालीं तो रद्द झाला. साठा जमिनींतच राहिला. शिवाय खाण कोणाचीही असो, लिथियम, कोबाल्ट व ग्रॅफाइट शुद्ध करण्याचें बहुतेक काम चीनमध्यें चालतें. खरी किल्ली खाणींत नसून त्या विद्येंत आहे.

एक खाण मात्र प्रत्येकाच्या घरीं आहे. निकामी बॅटरींतील धातु नष्ट झालेले नसतात. ते पुन्हां काढतां येतात. 2022 च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण ती बॅटरी उकिरड्यावर न फेकतां परत केली, तरच हें धन त्यांच्या भट्टीपर्यंत पोहोंचेल. फुटका सेल हातांत धरून मीं मुलांना शेवटीं एवढेंच सांगत असें: “बाळांनो, जें संपलें असें वाटतें, तें केवळ रूप पालटून बसलेलें असतें.”