वेताळ टेकडी: पुण्याच्या मधोमध एक गोल फेरी
पुणे शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढायचं, जुन्या दगडखाणीला वळसा घालून वेताळबाबाच्या मंदिरापर्यंत जायचं आणि दुसऱ्या पायवाटेने उतरायचं. सवयीच्या पायांना सोपं, नवख्यांना थोडी धाप. खाणीत काळा बेसॉल्ट उघडा पडलाय, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. तिथे जरा थांबाच. पावसाळ्यात मात्र काठापासून लांब, दगड भलतेच निसरडे होतात.

फेब्रुवारीत गुलाबी फुलणारं गिरिपुष्प सगळे फोटोत घेतात, पण ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. मला सालई आणि पिवळा गणेर जास्त आवडतात, ते इथलेच. मोर पहाटे दिसतात. पाणी घरूनच न्या, आणि स्पीकरवर गाणी नकोत, प्लीज!