बाईमुळे पेटलं म्हणे!

परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या कुठल्याही पारावर महाभारताचा विषय काढा. ‘आंधळ्याचा पोरगा आंधळाच’ असं द्रौपदी दुर्योधनाला म्हणाली आणि तिथंच ठिणगी पडली, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात हे वाक्य नाही. दुर्योधन पाण्यात पडतो त्या प्रसंगात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीही हसली, हे दुर्योधन मागाहून धृतराष्ट्राचे कान भरताना सांगतो!

ग्रीकांच्या हेलनचीही हीच गत. ‘इलियड’ म्हणजे तिच्या अपहरणाची कथा, असं आपण धरून चालतो. काव्य सुरू होतं ते ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षी, आणि भांडण पेटतं दुसऱ्याच बाईवरून. लुटीत वाट्याला आलेली ब्रिसेइस ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आपल्याच वीराकडून, अकिलीसकडून हिसकावून घेतो. तिला विचारतं कोण? हेलन तर स्वतःलाच दूषणं देत असते. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम तिला जवळ बोलावून सांगतो, की दोष तुझा नाही, देवांचा आहे.

‘ओडिसी’तली पेनेलोपी म्हणजे नुसती वाट पाहणारी पतिव्रता, हाही असाच एक समज. सासऱ्याचं कफन दिवसा विणायचं, रात्री उसवायचं, असं करत तिनं मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षं झुलवलं. वीस वर्षांनी नवरा परतला, तरी लगेच विश्वास ठेवला नाही. त्याच्यासमोर दासीला म्हणाली, पलंग बाहेर काढून टाक. तो पलंग जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर घडवलेला, हलणार कसा? हे फक्त खऱ्या नवऱ्यालाच ठाऊक. इथं परीक्षा नवऱ्याची झाली.

राहिला शेवटचा समज : महाकाव्यं पुरुषांनी सांगायची, बायकांनी ऐकायची. पेनेलोपी भाटाचं गाणं थांबवायला गेली, तर पोटच्या पोरानं तिला मागावर जाऊन बसायला सांगितलं. आपल्याकडच्या बायांनी मात्र जात्यावर कामाला बसूनच रामायण सांगितलं. पालमशेजारचं गंगाखेड संत जनाबाईंचं, त्यांच्या अभंगांत जातं आहेच. याच परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत सीतेचा वनवास आहे. रानात एकटी पडलेली सीता रडते, तेव्हा तिची समजूत घालायला ना देव येतो ना ऋषी. बोरी-बाभळीच बाया होऊन येतात.