बेघरांचा निवारा : कराच्या पैशातून की दानपेटीतून? ख्रिस्ती विचार काय सांगतो

बेघर माणसाला आसरा द्यावा, याबद्दल ख्रिस्ती समाजात फारसं दुमत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायात भुकेल्याला अन्न आणि परक्याला घरात जागा देणं, ही थेट येशूचीच सेवा मानली आहे. वाद आहे तो पैशाचा. हा खर्च सरकारनं करातून करावा की भाविकांनी स्वतःच्या खिशातून?

मर्जीचं दान की सक्तीचा कर?

कराला विरोध करणारे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राकडे बोट दाखवतात. दान खुशीनं द्यावं, जबरदस्तीनं नव्हे, असा त्यातल्या ९व्या अध्यायाचा आशय. कर चुकवला तर दंड होतो, मग त्यात दया कुठली, हा त्यांचा सवाल.

दुसरी बाजू जुन्या कराराचा दाखला देते. अनुवादाच्या १४व्या अध्यायानुसार दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश गावातच ठेवायचा. तो लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी. ही मर्जीची बाब नव्हती, नियम होता. शिवाय कर भरा, असं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलच सांगतो.

कॅथॉलिक चर्चची भूमिका मधली आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१च्या परिपत्रकात ती मांडली. कुटुंबाला किंवा स्थानिक संस्थेला जमणारं काम वरच्या सत्तेनं काढून घेऊ नये. मात्र त्यांना पेलत नसेल तिथे शासनानं हात द्यावा.

इंग्लंडचा धडा

हे दोन्ही मार्ग इंग्लंडमध्ये एकत्र आले. १६०१च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, गरिबांसाठी सक्तीचा कर बसवला. चर्चचे वॉर्डन आणि नेमलेले पर्यवेक्षक मिळून तो गोळा करत. त्यामुळे मदत कुणाच्या लहरीवर राहिली नाही. पण १६६२च्या कायद्यानं हद्दीबाहेरच्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवण्याची सोय केली. करातून मदतीची हमी आली, पण परका मात्र बाहेर राहिला. मत्तयाच्या अध्यायात जागा द्यायला सांगितलंय ती नेमकी या परक्यालाच.

आपल्याकडे काय?

भारतात राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांसाठी निवाऱ्याची सोय सांगितली होती. पैसा कराचा असतो, पण अशी केंद्रं चालवण्याचं काम अनेक शहरांत सामाजिक संस्थांकडे असतं. म्हणजे कर आणि सेवा हातात हात घालून चालू शकतात.

सीमाभागात कामासाठी माणसं रोज राज्याची हद्द ओलांडतात. त्यातलाच कुणी रात्री निवाऱ्याच्या दारात उभा राहिला, तर त्याला आधी 'कुठल्या राज्याचा?' विचारायचं की अंथरूण द्यायचं? पैसा कराचा असो की दानाचा, खरी परीक्षा तिथेच होते.